होळीला मनगट, आखाजीला कोपर

"हात धाडी दे," असा फुईचा निरोप आला.

निरोप आणला तो गावाकडून शहाद्याला दूध घालायला येणाऱ्या माणसानं. सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं. "फुई सांगस, हात धाडी दे. कोना हात? कसाना हात? म्हतारी चळी ऱ्हायनी का काय?" मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, रविवारी हात घेऊन येते म्हणून सांग. तो आणखीच गोंधळून गेला.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. ऐन तरुणपणी कपाळ पांढरं झालं तेव्हा माहेरी आली, ती तिथलीच झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव, गावाच्या कडेनं नाला, नाल्याच्या काठी तिच्या दोन पत्र्याच्या खोल्या. गेल्या दिवाळीत मोरीत पाय घसरला आणि तिच्या उजव्या हातात लोखंडी पट्टी बसली. तो हात आता खांद्याच्या वर जात नाही, जमिनीपर्यंतही पोचत नाही. डोळ्यांनाही अंधुक दिसतं. तिचं बाकी सगळं डाव्या हातावर भागतं. होळी झाली आणि मात्र तिला एक धड हात हवा होता. नाला मोजायला.

आमच्या नाल्याला नाव नाही. भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर तालुक्याचा नकाशा लटकवते, त्यात तो तुटक निळ्या रेघेनं दाखवलाय. तुटक रेघ म्हणजे हंगामी प्रवाह, असं मी मुलांना सांगते आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात. तो डोंगरातून येतो, गावाला वळसा घालतो आणि खाली गोमाईला मिळतो. गोमाई नदी प्रकाशा या तीर्थाच्या गावी जाऊन तापीत विरते. प्रकाशाला लोक हात जोडतात, नारळ सोडतात, दिवे सोडतात. आमच्या नाल्याला कुणी कधी हात जोडल्याचं मला आठवत नाही. फुईसुद्धा जोडायची नाही. ती हात घालायची.

लहानपणी आमच्याकडे उन्हाळा कॅलेंडरवरून कळत नसे. होळीची राख थंड झाली की नाल्याचं पाणी रेतीखाली उतरायचं. आदल्या आठवड्यापर्यंत वाहणारी बारीक धार एका सकाळी नसायची. मी धावत घरी येऊन ओरडायची, नाला आटला. त्यावर फुई रागवायची. "आटना नही वं. खाले जाई बसना. ऊन लागस त्याले." मग ती लुगड्याचा काष्टा घट्ट करून, करवंटी घेऊन निघायची आणि मागून मी.

नाल्याच्या वळणावर, करंजांच्या सावलीत ती पालथी पडायची, गाल रेतीला लावायची आणि हातानं रेती उकरत उकरत हात खाली घालत जायची. तिच्या मनगटावर गोंदलेले तीन ठिपके होते आणि कोपराच्या खाली तुळस. होळीला ठिपक्यांपर्यंत हात गेला की बोटांना पाणी लागायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुळस रेतीत बुडायची. पावसाच्या तोंडावर रोहिणी नक्षत्र निघेपर्यंत हात पार खांद्यापर्यंत जायचा. होळीला मनगट, आखाजीला कोपर, रोहिणीला खांदा. आमच्या नाल्याचं सगळं वेळापत्रक तेवढंच होतं आणि ते तिच्या हातावर होतं.

मी सात-आठ वर्षांची असताना तिनं पहिल्यांदा मला रेतीवर पालथं पाडलं. वरची रेती तापलेली, पोटाला चटका बसत होता. "हात घाल वं. भ्याऊ नको. पानीच शे, साप नही." मी डोळे घट्ट मिटून हात घातला. वीतभर खाली रेती कोमट झाली, मग गार, मग ओली, आणि मग बोटांच्या टोकांशी काहीतरी हललं. रेतीचे कण आपोआप सरकत होते. पाणी दिसायच्या आधी मला ते असं हाताला कळलं. नंतरच्या आयुष्यात मी पाण्यावर पुष्कळ वाचलं, पुष्कळ शिकवलं, पण पाण्याची आणि माझी खरी ओळख तीच.

तिथे मग झिरा खणायचा. झिरा म्हणजे रेतीतला खड्डा, ज्यात पाणी आपलं आपण झिरपून भरतं. त्याचे नियम फुईनं मला पाढ्यांसारखे पाठ करून घेतले होते. फावडं, कुदळ, लोखंड काही लावायचं नाही, फक्त हात आणि करवंटी. पहाटे जी पहिली जाईल तिनं रात्रीचं पाणी उपसून बाजूला टाकायचं, कारण रात्री झिरा जनावरांचा असतो. घागर भरून झाली की झिऱ्यावर निरगुडीची फांदी टाकायची. आणि माणसांच्या झिऱ्याच्या खालच्या अंगाला दुसरा झिरा खणायचा, तो पाखरांचा. त्याला एका बाजूनं उतार ठेवायचा, म्हणजे पिल्लू पाण्याशी गेलं तरी बुडत नाही. सगळ्यांत मोठा नियम खांद्याचा होता. "खांदालगून पानी खाले गयं ते आपलाकरता खंदानं नही. नाला मांदा शे समजानं. त्याले पडू देवानं." आजारी माणसाला आपण जसं निजू देतो तसं. अशा दिवसांत आम्ही मैलभर लांबच्या विहिरीवर जायचो. पाखरांचा झिरा तेवढा चालू ठेवायचो.

मला त्या दिवसांचे आवाज अजून येतात. गोट्यांमध्ये अंडी घालून बसलेली टिटवी आम्हाला पाहिलं की आकाश डोक्यावर घ्यायची. काठाच्या मातीत बिळं केलेले वेडे राघू आत-बाहेर करायचे. डोहाच्या तळाशी जो चिखल उरायचा त्यात मुऱ्या मासे शिरून बसायचे, आणि खेकडे दगडाखाली. ते सगळे पावसाची वाट पाहत बसलेत हे फुई मला सांगायची, पण मला तेव्हा वाटायचं की ते आमच्याबरोबर राहतात, बस. आखाजीला पितरांची घागर झिऱ्याच्या पाण्यानंच भरायची. त्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं, आंबा ठेवायचा. आजोबांना हेच पाणी ओळखीचं आहे, असं फुई म्हणायची.

मी शिकले, शहाद्याच्या शाळेत भूगोल शिकवायला लागले. गावात नळ आला, मग बोअर आल्या, पपई आली, ऊस आला. झिऱ्यावर जाणाऱ्या बायका कमी कमी होत फुईवर येऊन थांबल्या. नळ चार दिवसांआड झाला तसं लोकांना नाल्याची आठवण झाली. कुणीतरी म्हणालं, नाला खोल करून घेऊ, रुंद करून घेऊ, पाणी थांबेल. बाकीच्या गावांनी केलंय. अर्ज कोण लिहिणार? गावातली शिकलेली लेक मी. शाळेच्या टेबलावर बसून मी तो अर्ज लिहिला. नाला रेतीनं भरलेला असल्यानं पाणी साठत नाही, काठची झाडं कामाला अडथळा आहेत, असं मीच लिहिलं. झाडं मोजायला नाल्यापर्यंत गेलेसुद्धा नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गात नदीचं कार्य शिकवत होते: खनन, वहन, संचयन. मुलांकडून तीनतीनदा म्हणून घेतलं होतं.

पोकलेन आलं. महिनाभरात गावापासून खालचा सगळा नाला सरळ झाला. वळण गेलं, करंज गेले, निरगुडी गेली, रेती ट्रॅक्टरांतून कुठे कुठे गेली. काठ उभे कापले गेले आणि राघूंची बिळं त्यात गेली. त्या पावसाळ्यात नाला काठोकाठ भरला. गाव काठावर उभं राहिलं, फोटो काढले, माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. विहिरींचं पाणी वाढलं, खोटं कशाला बोलू. मी शाल घेऊन फुईकडे गेले. ती ओट्यावर बसली होती. तिनं शालीला हातही लावला नाही.

"तू इतली शिकेल शे," ती म्हणाली, "अर्ज लिखाना पहिले हात घाली देखा व्हता का?"

मी म्हटलं, फुई, आता हात घालायची गरजच उरणार नाही, बघ किती पाणी आहे. ती उठून आत गेली. मला तिचा राग आला होता, हे मी आज कबूल करते. म्हातारी माणसं बदलाला भितात, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि बसला निघून आले.

पाणी कार्तिकात हिरवं झालं आणि संक्रांतीला संपलं. उघडं पाणी ऊन पिऊन टाकतं, ही गोष्ट आमच्या पुस्तकात नवव्या पानावर आहे. तळाशी राहिला टणक मुरूम. होळीनंतर फुई करवंटी घेऊन गेली आणि तशीच परत आली. हात घालायला रेतीच नव्हती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या आखाजीला पितरांची घागर विकतच्या जारच्या पाण्यानं भरली. थंडगार होतं. फुईनं घागरीवर डांगर ठेवलं आणि कितीतरी वेळ ती तिथून उठली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. खालच्या नाल्याचे काठ दर पावसाळ्यात ढासळतात. ते मुऱ्या मासे पुन्हा मला कुणी दाखवले नाहीत, मीही विचारलं नाही. गावाच्या वरच्या अंगाचा, पाड्याकडचा तुकडा मात्र तसाच राहिला होता. तिथे यंत्र पोचलं नव्हतं. करंज, जांभळं, एक मोठं उंबर आणि रेती. फुई दरवर्षी तिथवर चालत जाऊन हात घालून यायची. पाणी आणायला नाही, नुसती चौकशी करायला.

आणि यंदा होळीच्या दुसऱ्या दिवशी सरपंचाचा मला फोन आला. माझ्या धाकट्या भावाच्या बरोबरीचा मुलगा, कामाला चांगला. "ताई, वरला भाग राही गया. मागला अर्ज तुम्हना हातना व्हता, लगेच मंजूर व्हयना. आते एक डाव लिखी द्या. रविवारे ग्रामसभा शे." मी बघते म्हणाले. नाही म्हणाले नाही. हे कुणीतरी फुईच्या कानावर घातलं असणार, कारण तिसऱ्याच दिवशी दूधवाला हात मागायला आला.

रविवारी सकाळी मी थेट वरच्या नाल्यावर गेले. तिथे रुमल्यादादा गुरं पाण्याच्या आशेनं घेऊन आला होता. पाड्यावरचा पावरा आदिवासी, घरात पावरी बोलतो, आमच्याशी अहिराणी. फुईच्या वयाचा नसेल, पण तिला वर्षानुवर्षं इथे पालथी पडलेली पाहणारा तो एकटाच. त्यानं मला ओळखलं. मग उंबराकडे बोट दाखवलं. उंबराची मुळं कमरेइतकी उघडी पडली होती. पूर्वी ती रेतीत असायची.

"तुम्ही खाले खंदं," तो म्हणाला. "मंग वरनी रेती उतरी ऱ्हायनी. नी रेतीना मांगे पानी बी उतरी ऱ्हायनं. नाला काय तुम्हनी शीव मानस का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. खालचा तळ खोल गेला की वरचा नाला तो खड्डा भरायला धावतो आणि आपलंच अंग झिजवतो. हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवते. माझा अर्ज इतकी वर्षं गुपचूप वर वर चढत होता, दर पावसाळ्यात थोडा थोडा, आणि मी खाली शहाद्यात बसून गुण देत होते.

मी बाही वर सारली आणि पालथी पडले. वयाप्रमाणे गुडघे बोलले. रेतीवर गाल ठेवला. मनगट गेलं, कोरडं. कोपर गेलं, तिथे नुसती ओल. दंड गेला. खांदा रेतीला टेकला तेव्हा बोटांच्या टोकांना गार लागलं, आणि पुष्कळ वेळानं एखाददुसरा कण सरकला. आखाजी तर अजून दीड महिन्यावर होती आणि रोहिणीला त्याहून अवकाश. मी तशीच पडून राहिले. रडू आलं, ते रुमल्यादादाला दिसू नये म्हणून तोंड दुसरीकडे केलं. पाण्याऐवजी एवढं पाणी तरी गेलं रेतीत, असा एक विचित्र विचार मनात आला आणि त्याची लाजही वाटली.

फुईकडे जाताना मी हातपंपावर हात धुतला, बाही खाली ओढली. ती दारातच बसली होती.

"कितलं?"

"कोपर," मी म्हटलं.

खोटं बोलायचं असं ठरवून आले नव्हते. तिचा तो वर न होणारा हात पाहिला आणि तोंडातून निघून गेलं. तिनं सरकून दारात मला बसायला जागा केली. मग म्हणाली, "इकडे ये. हात दे." तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बोटं वर वर नेत गेली. मनगट, कोपर, दंड. बाहीच्या आत शिरून खांद्याशी थांबली. तिथे शिवणीत रेती अडकली होती. तिनं ती चिमटीत धरून बाहेर काढली, बोटांवर चोळली.

"मांदा माणूसले तू बरा शे सांगशी," ती म्हणाली, "ते त्याले औसद कोन दी?"

मी तिच्या पायांशी बसले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही, आणि तेच बरं होतं. थोड्या वेळानं तिनं आतून भाकरी आणि ठेचा आणायला सांगितलं आणि आम्ही जेवलो.

दुपारी मारुतीच्या पारावर ग्रामसभा भरली. सरपंचानं माझ्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. मी उभी राहिले आणि सांगितलं की मागचा अर्ज मी नाला न बघता लिहिला होता, चूक माझी, आणि हा मी लिहिणार नाही. कुणी म्हणालं, पहिल्या वर्षी विहिरींना पाणी आलं होतं ना? आलं होतं, मी म्हटलं. मग उंबराची मुळं सांगितली, रेतीच नाल्याचं पाणी धरून ठेवते ते सांगितलं. "रेती रेती काय करतस ताई," पपईवाला एक शेतकरी म्हणाला, "रेतीनं काय लोनचं घालानं शे का?" सगळे हसले. मलाही हसू आलं. वाद घालून उपयोग नव्हता, म्हणून मी म्हटलं, चला, हात घालून बघा.

सगळे आले नाहीत. सरपंच आला आणि मागून चार-पाच जण. त्यानं पांढऱ्या शर्टाला डाग नको म्हणून रेतीवर रुमाल पसरला आणि पालथा पडला. त्याच्या लहानपणी त्याची आईही याच नाल्यात पालथी पडायची, हे मला माहीत होतं. हात आत जात राहिला आणि त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. "खांदा," तो उठून म्हणाला आणि बराच वेळ हाताची रेती झटकत राहिला.

अर्ज यंदापुरता राहिला, एवढंच ठरलं. पुढच्या वर्षी कुणी दुसरा लिहील. अर्ज लिहिणारे आता गावात पुष्कळ आहेत, आणि मी त्यांना शिकवलंय.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला रजा टाकली. फुई म्हणाली, खांदा आहे तर आपल्यासाठी खणायचं नाही, पाखरांचा तेवढा खणून ये. पाखरांच्या झिऱ्याला उतार हवा, आणि पाणी खांद्याइतकं खाली म्हटल्यावर उतार किती लांब लागतो ते त्या दिवशी कळलं. रुमल्यादादा मदतीला आला. त्यानं करवंटी धरली, मी हात. सूर्य कासराभर वर आला तेव्हा तळाशी ओंजळभर पाणी जमलं, आधी गढूळ, मग निवळ. समोरच्या गोट्यांमधून टिटवी ओरडत होती, म्हणजे अंडी होती.

सकाळी घरून निघताना मी पिशवीत एक तांब्या टाकला होता. फुईनं सांगितला नव्हता. कितीतरी वर्षं तिनं झिऱ्याचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं, एक घोट तरी नेऊ, असं मनात होतं. मी तांब्या काढला, पाण्याशी वाकले. रुमल्यादादा दुसरीकडे बघत राहिला. ओंजळभरच पाणी होतं. मी तांब्या पिशवीत ठेवला आणि आम्ही दोघं लांब जाऊन उंबराखाली बसलो. टिटवी बऱ्याच वेळानं उतारावरून खाली उतरली.

घरी आल्यावर फुईच्या हाताला पिशवीतला तांब्या लागला. तिनं तो बाहेर काढला, कानाशी हलवून पाहिला. मी आता खोटं काही सांगणार नव्हते, पण तिनं विचारलंच नाही.

"बरं करं," ती म्हणाली आणि तांब्या फळीवर पालथा घालून ठेवला.